मागच्या काचेवरचं नाव

इंटरकॉम वाजला तेव्हा घरात इतकं शांत होतं की हा आवाज आपल्याच भिंतीतून येतो आहे हे कळायला मला दोनदा टर्र ऐकावी लागली. दुपारचे साडेतीन. गोपिका नुकतीच झोपली होती, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून. मी ओढणी तिच्याकडेच ठेवली आणि हळूच मान सोडवून घेतली. ह्या दीड तासात काय काय करायचं ते मी सकाळपासून ठरवत असते, आणि तो दीड तास आला की खिडकीशी नुसती बसून राहते. फोनवर नत्थूजी होते, आमच्या स्कीमचे, म्हणजे ह्या फ्लॅटच्या इमारतीचे, वॉचमन. पाण्याचा टँकर आला आहे, तुमची गाडी वाटेत आहे, जरा सरकवाल का. मी बरं म्हटलं, पण त्यांनी फोन ठेवला नाही. मग सांगू लागले की तुमची झोप मोडू नये म्हणून आधी मी ते चौकोन पाहिलं, मागच्या काचेवर नावाखाली काळं-पांढरं आहे ना, ते. नवा फोन त्याच्यावर धरला. सुनेनं शिकवलं आहे कसं धरायचं ते. तर घंटी गेली, आणि एका बाईनं उचलला.

"त्या म्हने, मी रितिकाची मम्मी बोलते. मी म्हनलं, रितिकाची मम्मी तर वर चारशे दोनमध्ये राह्यते. तर त्या म्हने, नाही, रितिकाची मम्मी मीच आहो." नत्थूजी थांबले. "मंग मॅडम, तुमी कोनाच्या मम्मी?"

थट्टा नव्हती त्यात. कुरिअरवाल्याला कोणता फ्लॅट म्हणून विचारतात त्याच आवाजात विचारलं त्यांनी. येते खाली, एवढंच मी म्हणाले आणि किल्ली शोधू लागले. किल्ली हातातच होती. दार ओढून घेतलं, पुन्हा उघडून आत डोकावले. ती तशीच झोपलेली, कपाळावर घामाचे बारीक दाणे, ओढणी आता गालाखाली. लिफ्टमध्ये मी मनात म्हणून पाहिलं, मी गोपिकाची आई आहे. ते दुसऱ्या कोणाची तरी ओळख करून दिल्यासारखं ऐकू आलं.

गाडी सरकवली. टँकर आत गेला, पाइप जमिनीवर घसटत गेला, नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग मी एक गोष्ट केली जी चौदा महिन्यांत कधी केली नव्हती. गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. आपल्या गाडीची पाठ आपण बघतो कुठे. डिक्की उघडताना बघतो, पण तेव्हा लक्ष पिशवीकडे असतं. मार्चच्या उन्हानं काच तापलेली होती, रबराचा वास येत होता, आणि काचेच्या मधोमध ते नाव. साधं रेडियम नाही ते. त्या कागदात काहीतरी आहे. समोरून पाहिलं तर हिरवं, दोन पावलं डावीकडे गेलं की जांभळं, संध्याकाळी मागच्या गाडीचा दिवा पडला की पांढरंशुभ्र. रितिका. अक्षरांना शेपट्या आहेत, शेवटच्या शेपटीचं मांजर झालेलं आहे. खाली तो क्यूआर कोडचा चौकोन. गाडी घेतली तेव्हा मी त्याला कंपनीचं काहीतरी समजले होते.

गाडी जुनीच घेतली आम्ही. माझा नवरा रजत, त्याच्या ऑफिसात कोणाच्या तरी ओळखीतून आली, मूळ मालकाला आम्ही पाहिलंही नाही. घरी आणली त्याच रात्री रजत केस वाळवायचं मशीन घेऊन खाली गेला, नाव गरम करून उचकटायला. मांजराच्या शेपटीचा एक कोपरा सुटला, बाकी सुटेना. मग सीताबर्डीत स्टिकरवाल्याकडे नेली. त्याच्या दुकानात काय काय होतं. काचेवर पळणारी दिव्यांची अक्षरं, फोनवरून लिहायची. मागचा फार जवळ आला की आपोआप डोळे वटारणारा चेहरा. ब्रेक मारला की उजळणारा गणपती. रजत हरखून एकेक चालू-बंद करून बघत होता. स्टिकरवाल्यानं आमच्या काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, काढून देतो, पण सावली राहीन. उन्हानं आजूबाजूच्या फिल्मचा रंग उडाला आहे, अक्षराखालचा तसाच आहे. नाव काढलं तरी नाव दिसीन. काच बदला नाही तर राहू द्या. रजतनं माझ्याकडे पाहिलं. खाली 'गोपिका' लावून घेऊ का, म्हणजे दोघी बहिणी वाटतील, असं हसत म्हणाला. मी म्हटलं, नंतर पाहू. ते नंतर चौदा महिने चाललं. मध्ये एकदा तो म्हणाला, "तुले काढायचंच नाही आहे ते." मी म्हटलं, काहीही काय. पण त्यानंतर मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं हे मला आठवतं.

मनीषनगरात आम्ही नवे, स्कीमही नवी, कोणी कोणाला ओळखत नव्हतं. आठव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या यमुताईंनी लिफ्ट अडवून धरली. "तू रितिकाची आई होय ना वं? पांढरी गाडी तुमचीच ना?" आणि माझ्या हातात कढीपत्त्याची जुडी दिली. आता, कोणाच्याही गाडीवर लेकराचं नाव असतं, त्यावरून माणसं हाक मारतात, ह्यात त्यांचं काय चुकलं. त्याच वेळी म्हणायला हवं होतं. पण लिफ्टचं दार आपटत होतं, कढीपत्ता ओला होता, गोपिका कडेवर रडत होती, आणि 'नाही हो, ही गोपिका' म्हटलं की मग गाडीचं सांगा, जुनी घेतली ते सांगा. मी हसले. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी खालच्या बाकावर तीन बायांना मी रितिकाची आई म्हणून माहीत होते. आठवड्याभरात व्हॉट्सॲपच्या गटात तसंच नोंदलं गेलं. भाजीवाला, इस्त्रीवाला, धुणीभांडी करणाऱ्या रंभाबाई. एकदा रंभाबाईंच्या समोर मी गोपिकाला गोपू म्हणून हाक मारली, तर त्या म्हणाल्या, लाडाचं नाव चांगलं आहे.

आणि मला ते जड गेलं नाही. हे मला स्वतःला नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सांगून बघते. रितिकाच्या आईला कोणी ओळखत नव्हतं ना. तिचं वजन किती वाढलं, तिनं नोकरी काहून सोडली, तिला दूध कमी होतं, हे कोणाला माहीत नव्हतं. ती खाली बाकावर बसून मोठ्यानं हसायची. गोपिकाच्या आईला इतकं हसू येत नाही. गोपिका हे रजतच्या आजीचं नाव. मला सातवा महिना असतानाच ठरलं होतं, मुलगी झाली तर हेच, आणि बारशाला नणंदेनं पाळण्यात वाकून तिच्या कानात कुर्रर्र केलं तेव्हा मी मागे खुर्चीत बसले होते, टाके दुखत होते, पेढ्यांच्या वासानं मळमळत होतं. मला दुसरं कुठलं नाव हवं होतं असंही नाही. विचारलं असतं तर मी कदाचित तेच म्हटलं असतं. पण त्याआधी रामदासपेठेच्या दवाखान्यात पाच दिवस तिच्या मनगटाला एक कागदी पट्टी होती. बेबी ऑफ श्वेता. नर्स तिला तसंच म्हणायच्या. बेबी ऑफ श्वेताला आंघोळ घातली का, बेबी ऑफ श्वेताची शी झाली का. ते पाच दिवस ती माझ्या नावानं जगली. घरी आल्यावर रजतनं कात्रीनं ती पट्टी कापली, आणि मी ती पोळपाटाच्या मागे का ठेवली मला माहीत नाही. पुढच्या वेळी पाहिली तेव्हा शाई उडाली होती.

तर गाडीच्या मागे उभी राहून मी फोन काढला आणि चौकोनावर धरला. आधी फोननं तुमचं ठिकाण सांगू का म्हणून विचारलं, मी हो वर बोट टेकवलं. मग एक पान उघडलं. लहान मुलानं बोटानं काढलेलं चित्र, आमची गाडी, तिला कान, डोळे, हसणारं तोंड. त्याखाली वाकड्या अक्षरांत: ही गाडी माझी आहे. बाबा फक्त चालवतात. त्याखाली एक घंटा काढलेली. मी घंटेला हात लावला नाही. ऊन पाठीत घुसत होतं. मला वाटलं आपण कोणाच्या तरी घरात, त्यांची मुलगी झोपलेली असताना, तिच्या कपाटासमोर उभ्या आहोत. नत्थूजी टँकरवाल्याशी काहीतरी बोलत होते आणि मध्येच इकडे बघत होते. मी फोन ओढणीत लपवायला गेले, तर ओढणी वर होती.

वर जाताना मला बाबा आठवले. आठवले म्हणजे त्यांचा टेम्पो आठवला. सावनेरकडच्या आमच्या गावाहून ते रोज पहाटे कॉटन मार्केटला भाजी आणायचे, छोटा हत्ती म्हणतात तो. त्याच्या मागच्या फळीवर पेंटरकडून माझं नाव लिहून घेतलं होतं, दोन्ही बाजूंना फुलं, 'श्वेता' लाल रंगात. मार्केटमध्ये त्यांना चंपतराव कोणी म्हणत नसे. ओ श्वेताचे बाबा, वांगे इकडे उतरवा. त्यांना ते फार आवडायचं, घरी येऊन सांगायचे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, दोघी मैत्रिणींबरोबर व्हेरायटी चौकात सिग्नलला रस्ता ओलांडायला उभी, नवी जीन्स घातलेली, आणि तो टेम्पो येऊन आमच्या दोन पावलं पुढे थांबला. सांबाराचा, कोथिंबिरीचा वास आला आधी. एक मैत्रीण फळीवरचं नाव वाचून म्हणाली, श्वेता, तुझी गाडी आली बघ. तिला काही माहीत नव्हतं, ती गंमत करत होती. मी पण गंमत केल्यासारखं म्हटलं, हो ना, माझीच आहे, ड्रायव्हरला सांग हळू चालव. दोघी हसल्या. बाजूच्या आरशात बाबांचे डोळे होते. माझ्याकडेच होते की सिग्नलकडे, मला अजून सांगता येत नाही. दिवा हिरवा झाला, टेम्पो गेला. त्यांनी हाक मारली नाही, आणि नंतर कधी विषय काढला नाही. दिवाळीला घरी गेले तेव्हा टेम्पो अंगणात भिंतीला पाठ लावून उभा होता. तसा तो कधी उभा नसायचा. अंगणात वाळू पडली होती, तेवढीच जागा असेल. मी आईला विचारणार होते आणि मग चिवडा परतायला बसले. बाबा आहेत अजून, टेम्पो विकला. फोनवर मी त्यांना तब्येत विचारते, ते मला गोपिकाचं विचारतात. ह्या गाडीवरचं नाव त्यांनी एकदा पाहिलं होतं, इथे आले होते तेव्हा. चष्मा पुसून परत पाहिलं, म्हणाले, "अस्सं." त्यानंतर गाडीभोवती न फिरता सरळ जिन्याकडे गेले.

आणि गोपिका. तिला हे सगळं कसं समजतं, कुठून समजतं. साडेचार वर्षांची आहे. खाली झोपाळ्यावर पोरं रितिका म्हणतात, ती ओ देते. पहिल्यांदा ओ दिली तेव्हा मी बाकावर होते, उठायला गेले, पण यमुताई तेव्हा मला पुरणाचं प्रमाण सांगत होत्या. रात्री पाय चेपून घेताना ती म्हणाली, "आई, मी खाली रितिका आहे आणि वर गोपिका आहे." जशी चप्पल खालची वेगळी आणि घरातली वेगळी. मी तिचा पापा घेतला. रजतला सांगितलं तर तो हसला, मग हसायचा थांबला. शाळेत घालू तेव्हा काय, म्हणाला. जूनमध्ये तिला शाळेत घालायचं आहे, ह्याच लेआउटमधली, आजूबाजूच्या इमारतींतली, अर्धी पोरं त्या शाळेत आहेत. बाईंनी हजेरीत गोपिका म्हटलं आणि ती गप्प बसली तर. किंवा पोरं म्हणाली, ही गोपिका नाही, ही रितिका आहे. मी ठरवलं होतं की ह्या होळीच्या आधी खाली सगळ्यांना सांगून टाकायचं. होळी गेली.

दार उघडलं तर घर तसंच होतं. आतल्या खोलीत पंख्याचा आवाज. मी पाणी प्यायले, पेला ठेवला, आणि फोन थरथरला. अनोळखी नंबर. माझा नंबर नत्थूजींनी दिला असणार. मी स्वयंपाकघरात जाऊन, दार अर्धं लोटून उचलला. पलीकडे एक मऊ, जरा दमलेला आवाज. मी रितिकाची आई, म्हणाली. स्वतःचं नाव तिनंही सांगितलं नाही. मघाशी तुमच्या वॉचमनवर जरा आवाज चढला, माफ करा, म्हणाली. आमची बदली झाली, आम्ही आता रायपूरला असतो, तो चौकोन बंद करायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे, मग म्हणाली, रितिकानं करू दिला नाही. नऊ वर्षांची होती तेव्हा तिनं ते सगळं स्वतः टॅबवर काढलं, अक्षरं, मांजर, पान. कोणी चौकोन उघडला की तिच्याकडे घंटी वाजते आणि नकाशावर ठिपका येतो. सोसायटीतलं कोणी उघडतं कधी, पार्किंगवाले उघडतात. ती शाळेतून आली की बघते, आपली गाडी आज कुठे गेली. सीताबर्डीला गेली म्हणते. तळ्यावर गेली म्हणते. मी ओट्याला टेकले. ओटा गार होता.

"ऑगस्टमध्ये एकदा रामदासपेठेत दवाखान्यासमोर ठिपका आला," ती म्हणाली. "रात्रभर मला विचारत होती, आपली गाडी दवाखान्यात काहून गेली? मी म्हटलं, कोणाचं पोट दुखत असेल. सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?"

ऑगस्टमध्ये गोपिकाला ताप होता, एकशे चारचा. सलाइन लावली तेव्हा ती माझं बोट चावत होती. दवाखान्यासमोर रजतनं गाडी कशीही लावली होती, कोणीतरी हटवा म्हणून ओरडत होतं, त्यानंच तो चौकोन उघडला असेल. त्या रात्री रायपूरमध्ये एक मुलगी जागी होती. मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. घाबरल्यासारखं झालं, आणि कोणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखंही झालं. ठीक आहे, मी म्हणाले, थोडा ताप होता. पलीकडे तिनं तोंड बाजूला करून कोणाला तरी सांगितलं, ताप होता फक्त. म्हणजे मुलगी तिथेच होती. शेजारी बसून ऐकत होती.

मग ती भरभर बोलू लागली, ठरवून ठेवलेलं असल्यासारखं. गाडी तुमची आहे, तुम्ही नाव काढून टाका, काढायलाच पाहिजे, इतके दिवस तुम्ही चालवून घेतलं हेच खूप आहे. मी हिला समजावते. सांगते काहीतरी. तुम्ही मनावर घेऊ नका. मी म्हणायला हवं होतं, हो, ह्या रविवारी काढतो. वाक्य तोंडात तयार होतं. रविवारी काढलं असतं, काच बदलली असती, सोमवारी खाली जाऊन म्हटलं असतं, यमुताई, एक गंमत सांगू का. सगळं सुटलं असतं. तिनंच मग नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, तुमच्याकडे कोण आहे, मुलगा की मुलगी?

"मुलगी."

"अरे वा. नाव काय तिचं?"

मी म्हणाले, "रितिका."

सवयीनं म्हणाले का. चौदा महिने तेच तर म्हणत होते, कोणी विचारलं की. की पलीकडे श्वास धरून बसलेल्या त्या मुलीसाठी म्हणाले. की ते तसं असावं असं मलाच वाटत होतं. मी आता इथे बसून हे तिन्ही पुन्हा पुन्हा घासून पाहते आहे, भांड्याच्या तळासारखं, आणि दर वेळी वेगळंच काही वर येतं. पलीकडे ती बाई हसली, मोकळं, माहेरची कोणी भेटावी तशी, आणि फोन तोंडापासून न काढताच ओरडून म्हणाली, "अगं ऐक ना, त्यांची पण रितिकाच आहे." आणि लांबून एक बारीक, गंभीर आवाज आला, सगळं तपासून पाहिल्यासारखा, "मग राहू दे."

आभार मानून तिनं फोन ठेवला. मीही काहीतरी म्हटलं असेल. खाली टँकरचं पाणी टाकीत पडत होतं, तो आवाज नळीतून वर चढत होता. मी ओट्यावरचा पेला उचलला, विसळला, पालथा घातला. अर्धं लोटलेलं दार होतं तिथे, कमरेच्याही खाली, एक सावली होती.

गोपिका उभी होती. केसांचा झुपका एका गालावर, उशीची घडी दुसऱ्या गालावर उमटलेली, माझी ओढणी मागे लांब फरशीवर पसरलेली. केव्हापासून उभी होती कोण जाणे. ती रडत नव्हती. काहीतरी जुळवत होती, ठोकळे जुळवताना करते तसं खालचा ओठ आत घेऊन. मी खाली बसले, हात पुढे केले. ये बाळा, म्हणाले. बाळा म्हणाले. ती आली नाही. तिनं ओढणी हळूहळू ओढून दोन्ही हातांत गोळा केली, पोटाशी धरली आणि कुठल्या तरी लांबच्या, आपल्या ओळखीच्या मुलीबद्दल विचारावं तसं मला विचारलं,

"आई, मग गोपिका कोणाच्या गाडीवर आहे?"